गर्दीतल्या गोदाबाईंचा पहिला महिना

दिनांक ४ डिसेंबर २०२३, सोमवार. रुपये दोन हजार एकशे पन्नास फक्त. आमच्या अभिनय प्रशिक्षण केंद्राची अनामत म्हणून गोदाबाई पोपट ठोंबरे यांनी ही रक्कम माझ्या टेबलावर ठेवली आणि पावती हातात घेण्याआधी विचारलं,

"भाऊ, काढून टाकलं तर पैशे परत मिळतील ना?"

"मिळतील."

"आन् नाय काढलं तर?"

"मग अभ्यासक्रम संपल्यावर मिळतील."

"म्हंजे कसंबी मिळणारच. मंग घेता कशाला?"

अनामत या शब्दाची व्याख्या मी बी.कॉम.ला पाठ केली होती, पण ती त्या वेळी काही उपयोगी पडली नाही. "लोकांनी मधेच सोडून जाऊ नये म्हणून," एवढंच म्हणालो.

"मी कुठं जातेय," असं म्हणून त्यांनी पावतीची घडी केली आणि ब्लाउजमध्ये ठेवली.

केंद्र पळसदरीला आहे, एका बंद पडलेल्या भातगिरणीत. ज्या ट्रस्टचे हिशेब मी बरीच वर्षं लिहितो, त्यांनीच ते काढलं आणि निवृत्तीला थोडे दिवस राहिलेल्या मला तिथे पाठवलं. शिकवायला साईनाथ सर. रंगभूमीवर आयुष्य गेलेला माणूस, आवाज जड, बोलणं कमी. निम्मी मुलं मुंबई-पुण्याची, पूर्ण शुल्क भरून येणारी. उरलेल्या जागा कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या लोकांसाठी, त्यांना फक्त अनामत. पहिला महिना पारखीचा असतो. महिन्याच्या शेवटी दोघादोघांनी मिळून एक छोटा प्रवेश करून दाखवायचा. सर आणि बाहेरून आलेले दोन पाहुणे तो बघतात. ज्यांची निवड होते ते पुढचे महिने राहतात, बाकीच्यांना मी अनामत परत करतो.

गोदाबाईंचं गाव कोंडाण्याच्या रस्त्याला. घरी थोडी भाताची जमीन, एक दुभती म्हैस आणि सासू आनंदीबाई. नवरा पोपटराव माथेरानला एका हॉटेलात स्वयंपाकी आहेत, आठवड्यातून एकदा खाली उतरतात. मुलगी लग्न होऊन बदलापूरला गेली. शेतीची कामं नसतात तेव्हा गोदाबाई बारा वर्षं 'गर्दीत' जात होत्या.

गर्दीत जाणं हा आमच्या भागातला एक रोजगार आहे. इथे सिनेमा-मालिकांची चित्रीकरणं होतात. बाजार, लग्न, मोर्चा, दुष्काळ असं काही दाखवायचं असलं की माणसं लागतात. किशोर नावाचा एक गृहस्थ ती पुरवतो. सकाळी नाक्यावर टेंपो लावायचा, माणसं भरायची, संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात रोजाचं पाकीट द्यायचं. बारा वर्षांत गोदाबाई भाजीवाल्या झाल्या, महालातल्या दासी झाल्या, वऱ्हाडी झाल्या, तीनदा विधवा झाल्या.

"पोपटरावांना सांगितलं होतं का विधवेचं?" मी एकदा विचारलं.

"सांगितलं की. म्हनले, पेन्शन कितीची लागली?"

गर्दीचे नियम आहेत. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. नायकाच्या पुढे जायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम, बोलताना दिसायचं पण आवाज काढायचा नाही. नायक-नायिकेचं बोलणं टिपलं जात असतं. त्यांच्या मागे बाजार भरलेला असतो, बायका भाव करत असतात, तोंडं हलतात, हात हलतात, पण बाजार मुका असतो. किशोर याला 'मुकं बोलणं' म्हणतो आणि नव्या माणसाला टेंपोतच शिकवतो. "सुरू म्हटलं की तोंड चालू, आवाज बंद. कट म्हटलं की आवाज चालू, मंग काय बोलायचं ते बोला. ज्याचा आवाज येईल त्याचा रोज कापला." गोदाबाईंचा रोज कधी कापला गेला नव्हता.

मग दोन वर्षांपूर्वी असं झालं, की एका मालिकेत मोलकरणीच्या तोंडी एक वाक्य द्यायचं होतं. 'पाणी आणू का, मालक?' समोर उभ्या असलेल्या बायकांमधून गोदाबाईंना पुढे बोलावलं. त्यांनी वाक्य म्हटलं, दुप्पट रोज मिळाला. भाग लागायचा होता त्या दिवशी आळीतली सगळी माणसं त्यांच्या ओटीवर जमली. पडद्यावर गोदाबाईंचा चेहरा आला, अगदी जवळून. तोंड उघडलं आणि आतून आवाज आला तो दुसऱ्याच कुणा बाईचा, बारीक, साखर घातलेला.

आनंदीबाई म्हणाल्या, "गोदे, सर्दी झालती का गं तुला?"

सगळे हसले. गोदाबाईही हसल्या. पण मला हे सांगताना त्या म्हणाल्या, "मला जेवान गेलं नाय, भाऊ. तोंड माजं, आन् बोलली दुसरीच. आपण मेलो आन् आपल्या जागी कोन तरी येऊन बसलं, असं वाटलं."

म्हणून त्या आमच्याकडे आल्या होत्या. मोठी नटी व्हायचं नव्हतं. चार माणसांसमोर, आपल्या तोंडून आपलाच आवाज निघाला पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं. त्यासाठी गर्दीचा रोज सोडावा लागला. किशोरने आधीच सांगून ठेवलं, "गोदाताई, जास्त दिवस लागले तर मी दुसरी बाई घेनार हां. टेंपोतली जागा म्हंजे काय एस.टी.त टाकलेला रुमाल नाय."

पहिले काही दिवस बरे गेले. मुलीने दिलेली ट्रॅकपँट घालून त्या सकाळच्या व्यायामाला उभ्या राहायच्या, ती वर ओढायच्या आणि मुलींबरोबर हसायच्या. पडायचं, लोळायचं, आंधळ्यासारखं चालायचं, यातलं कशालाही त्यांनी नाही म्हटलं नाही. फक्त एक गोष्ट सरांच्या लक्षात आली. गोल करून उभं राहायला सांगितलं तरी गोदाबाई कशा कोण जाणे मागच्या रांगेत जायच्या. गोलाला मागची रांग नसते, पण त्यांना ती सापडायची.

खरी अडचण प्रवेश सुरू झाले तेव्हा आली. त्यांची जोडी रियाबरोबर होती. रिया कर्जतची, कॉलेजात शिकणारी, बडबडी मुलगी. प्रवेश साधा होता. मुलगी उशिरा घरी येते, आई जागी असते, दोघींचं भांडण होतं. पहिलं वाक्य आईचं, 'एवढा वेळ कुठं होतीस गं?'

माझी खोली आणि सभागृह यांच्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन आहे. मला पलीकडचं दिसत नाही, ऐकू सगळं येतं. सरांनी "सुरू" म्हटलं. मग काहीच ऐकू आलं नाही. मग रियाचं वाक्य, "आई, बस चुकली." पुन्हा शांतता. पुन्हा रिया. मग हशा.

"गोदाताई, वाक्य विसरलात का?" सरांचा आवाज.

"नाय सर. बोलले ना."

"आवाज कुठे आला?"

"आला की. मला ऐकू आला."

मुलं पुन्हा हसली. रिया नंतर मला म्हणाली, "काका, खोटं नाही सांगत, मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं, ओठ बरोबर हलत होते. टीव्हीचा आवाज कुणी तरी बंद केल्यासारखं."

गोदाबाई थट्टा करत नव्हत्या. त्यांना खरंच वाटत होतं, की आपण बोललो. बारा वर्षं 'सुरू' या शब्दाबरोबर त्यांनी आवाज गिळला होता आणि आता तो आपोआप गिळला जात होता.

साईनाथ सरांचे मी इथे आभार मानतो. महिनाभरात निकाल लावायचा होता, हाताखाली इतकी मुलं होती, 'जमत नाही' असा शेरा मारून ते मोकळे होऊ शकले असते. ते तसं वागले नाहीत. त्यांनी गोदाबाईंना पळसदरीच्या धरणावर नेलं आणि पलीकडच्या काठावरच्या गुराख्याला हाक मारायला सांगितलं. हाक अशी गेली, की गुराख्याबरोबर दोन म्हशींनीही मान वर केली. परत सभागृहात आले, सरांनी "सुरू" म्हटलं, आवाज बंद.

शेवटी सर माझ्या खोलीत आले. "तुम्ही पार्टिशनच्या अलीकडे बसता ते बरं आहे. ओठ बघून आम्ही फसतो. गोदाताईंचा आवाज ऐकू आला, की पार्टिशनवर थाप मारा. त्यांनाही कळेल."

त्या दिवसापासून मी कानाने पलीकडे असायचो. रिया रोज लवकर येऊन गोदाबाईंबरोबर तालीम करायची. तिलाही जागा गमावण्याची भीती होती. जोडी बदलून मागितली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिने मागितली नाही. पण थाप मारायची वेळ माझ्यावर आली नाही.

दुसरा पंधरवडा लागला. एके दिवशी दुपारी रियाचं वाक्य ऐकू आलं, मग नेहमीची शांतता, आणि त्या शांततेत चपला घासत कुणी तरी आत शिरलं.

"गोदे."

आनंदीबाई होत्या. सत्तरी उलटलेली बाई, टमटम करून तडक सभागृहात.

"म्हैस दूध देईना. आज सकाळी अर्धा तांब्या. डेरीवाला हसला मला, म्हातारे, म्हैस रिटायर झाली का म्हनला."

"आत्याबाई, तालीम चाललीय."

"चालू दे. तू धार काढताना म्हशीशी बोलायचीस. आता नुसती बसतीस आन् मुक्यानं तोंड हलवतीस. मी बगते ना दारातनं. म्हशीला वाटलं, हिला कायतरी लागलं. ती पान्हा चोरते."

"वाक्यं पाठ करते मी."

"कर की. पन म्हशीला ऐकू येईल अशी कर. आन् चाऱ्याचं काय? वालाला पानी कोन घालील? मी घालू? माज्या गुडघ्यांनी?"

यावर गोदाबाई जे बोलल्या ते सगळं लिहीत नाही. वालाला पाणी कालच घातलंय, चारा टाकूनच निघाले, बारा वर्षं गर्दीत उन्हात उभी राहिले तेव्हा कुणी गुडघ्यांचं विचारलं नाही, आता महिनाभर मागितला तर म्हशीचं गाऱ्हाणं घेऊन इथवर आलात, अशा अर्थाचं ते बोलणं होतं, आणि ते एका दमात, खणखणीत, गिरणीच्या पत्र्यापर्यंत जाणाऱ्या आवाजात होतं.

मी नेमलेलं काम केलं. पार्टिशनवर थाप मारली.

मग सगळेच हसू लागले. आनंदीबाईंना काही कळेना. "आत कोन हाय? का वाजवतोय तो?" असं त्या विचारत राहिल्या.

आम्हाला वाटलं, गाठ सुटली. सुटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सरांनी "सुरू" म्हटलं आणि पुन्हा तेच. मी हात उचलून बसलो होतो, तो खाली घेतला. पलीकडून रिया म्हणाली, "मावशी, काल कसं बोललात?" गोदाबाई म्हणाल्या, "काल काय मी नाटक करत व्हते?"

त्या दिवशी जाताना त्या माझ्या दाराशी थांबल्या. "भाऊ, ते पैशे परत देताना सही लागते का?"

"लागते. पण तुमचं अजून ठरलेलं नाही."

"ठरल्यासारखंच हाय." मग म्हणाल्या, "किशोरनं बाई घेतली. वावोशीची हाय. बरी चालते म्हनतो."

मी त्यांना घोटभर चहा दिला. तो त्यांनी उभ्यानेच घेतला.

घरी मात्र त्यांनी सासूचं ऐकलं. धार काढताना वाक्यं मोठ्याने म्हणायला लागल्या. 'एवढा वेळ कुठं होतीस गं?' असं म्हशीला विचारायचं, आणि आनंदीबाईंनी दारातून रियाचं वाक्य म्हणायचं, "बस चुकली." म्हैस पूर्ववत दूध द्यायला लागली. संध्याकाळची धार काढायचं काम पुढे आनंदीबाईंनी घेतलं, आणि त्यासाठी त्यांनी गोदाबाईंची वाक्यंही पाठ केली, कारण म्हशीला आता तीच लागायची.

हे सगळं गोदाबाईंनीच मला सांगितलं, पारखीच्या आदल्या दिवशी. सांगता सांगता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "गोठ्यात सुरू कोन म्हनतं, भाऊ? कोन नाय. बादली ठेवली की मीच म्हनते, चल गं बाय, हो सुरू."

एवढं बोलून त्या गेल्या. मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

पारखीच्या दिवशी दोन पाहुणे मुंबईहून आले, एक बाई आणि एक गृहस्थ. जोड्या एकामागून एक होत होत्या. मी माझ्या खोलीत, अनामत परतीची व्हाउचरं पुढ्यात घेऊन. गोदाबाईंचं नाव पुकारलं गेलं. पावलं वाजली. पाहुण्या बाई म्हणाल्या, "हं, तर मग..."

"थांबा, मॅडम," गोदाबाईंचा आवाज. "तुमी नका म्हनू. मी म्हनते."

"काय म्हणता?"

"सुरू. मी म्हनते ते."

मला सरांची खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. मग गोदाबाई म्हणाल्या, अगदी गोठ्यातल्यासारखं, "चल, हो सुरू," आणि त्याच दमात, त्याच आवाजात, "एवढा वेळ कुठं होतीस गं?"

तोंड आधीच उघडलेलं होतं. आवाज बाहेर पडला होता. आता तो गिळायला जागाच राहिली नव्हती.

रियाला उत्तर द्यायला क्षणभर उशीर झाला, बहुतेक तीच दचकली. "आई, बस चुकली." आणि मग आईचं पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं, भांडण, धमकी, शेवटी 'हात धुऊन घे, भाकरी काढते' इथपर्यंत सगळं मला पार्टिशनच्या अलीकडे स्वच्छ ऐकू आलं. कोंडाण्याच्या रस्त्याचा, जरा घोगरा, हाय-नाय करणारा आवाज.

मी थाप मारली. सवयीनेच मारली गेली, प्रवेश संपायच्या आत. पाहुणे गृहस्थ दचकून म्हणाले, "कोण आहे तिकडे?" सर म्हणाले, "आमचे हिशेबनीस. त्यांना ऐकू आलं."

संध्याकाळी सरांनी यादी फळ्यावर लावली. गोदाबाईंचं नाव होतं. पाहुण्या बाईंचं म्हणणं पडलं होतं, की असं स्वतःच सुरू म्हणणं नियमात बसत नाही. सरांनी सांगितलं, की नियमात नाही हे खरं, पुढच्या पाच महिन्यांत ते सोडवू. गोदाबाईंनी यादी दोनदा वाचली. मग पार्टिशनला वळसा घालून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, त्या सहीचं राहू दे."

पुढच्या आठवड्यात त्यांनी वालाच्या शेंगांच्या पिशव्या आणल्या. एक सरांना, एक रियाला, एक मला. मी म्हटलं, माझं काय काम त्यात. त्या म्हणाल्या, "भिंत वाजवायला कोन बसतं रोज?" आमच्या घरी त्या रात्री वालाचं बिरडं झालं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला भेटवस्तू म्हणून डायऱ्या आणि पेनं पुष्कळ मिळाली आहेत. हिशेबाच्या टेबलावर शेंगा प्रथमच आल्या.

सुरू म्हणायची सवय हळूहळू आत गेली. आधी त्या ते पुटपुटायच्या, नंतर फक्त एक हुंकार, मग तोही नाही. किशोर फेब्रुवारीत एकदा केंद्रावर आला. एका मोठ्या लग्नाच्या दृश्यासाठी त्याला अनुभवी बायका हव्या होत्या. "गोदाताई, चला की. तुमच्यासारखं मुकं कोन बोलत नाय." त्या म्हणाल्या, "आता मला ते येत नाय रं. रोज कापशील माजा." किशोरही हसला आणि जाताना मला म्हणाला, "बिघडवलीत बाई तुमी लोकांनी."

मे महिन्यात अभ्यासक्रमाच्या शेवटी खालापूरला एका शाळेच्या सभागृहात मुलांनी नाटक केलं. गोदाबाईंना दुसऱ्या अंकात एका गावातल्या दाईची लहान भूमिका होती. पोपटराव रजा काढून माथेरानहून उतरले होते. मी प्रथमच पार्टिशनशिवाय त्यांना बघणार होतो. शेवटच्या रांगेत बसलो, माझ्या एका बाजूला आनंदीबाई, त्यांच्या पलीकडे पोपटराव.

गोदाबाई आल्या, दिव्याखाली उभ्या राहिल्या, बोलल्या. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचला. आनंदीबाई आधी डोळे मिटून ऐकत होत्या. मग डोळे उघडले, पुन्हा मिटले. पोपटरावांनी विचारलं, "झोपलीस का गं, आये?"

"गप. बगते, तिचाच हाय का आवाज." आणि थोड्या वेळाने, "तिचाच हाय."

प्रयोग संपल्यावर गोदाबाई तोंडाचा रंग तसाच ठेवून बाहेर आल्या. गावाकडची माणसं त्यांच्याभोवती जमली होती. पोपटराव त्यांची पिशवी धरून उभे होते. मग आम्ही चौघे शाळेच्या फाटकाबाहेरच्या गाडीवर चहा प्यायलो. गाडीवाल्याकडे फोनवरून पैसे घ्यायची सोय नव्हती आणि माझ्याजवळ फक्त पाचशेची नोट होती. आनंदीबाईंनी कमरेची पिशवी सोडून चार चहांचे चाळीस रुपये दिले.

ते चाळीस रुपये मी अजून त्यांना द्यायचे आहेत.